गाणाऱ्याचा दम आणि यंत्राचा दम

मौखिक साहित्याच्या अभ्यासाचा इतिहास सांगताना आपण बहुधा सिद्धांतांचा इतिहास सांगतो. कोणी कोणती संकल्पना मांडली, तिला कोणी विरोध केला, ती पुढे कुठल्या भाषांना लावली गेली, असा तो क्रम असतो. संकल्पना ज्या सामग्रीवर उभी राहिली ती सामग्री कशाने आणि कशी गोळा झाली, हा प्रश्न फार तर तळटीपेत जातो. एम.ए.च्या वर्गात 'पॅरी-लॉर्ड सिद्धांत' शिकवताना आम्हीही सूत्र, प्रसंगबंध, सादरीकरणातील रचना हे शब्द फळ्यावर लिहितो. या शब्दांच्या मागे मोटारीतून गावोगाव हिंडवलेले एक ध्वनिमुद्रण यंत्र उभे आहे. ते कोणाच्या दुकानात तयार मिळत नव्हते, मुद्दाम बनवून घ्यावे लागले होते. त्या यंत्राची घडण, त्याने शक्य केलेले प्रयोग आणि त्याने अभ्यासावर टाकलेली छाया यांचा विचार येथे करावयाचा आहे. मराठी लोकसाहित्याच्या अभ्यासकाला तो दूरचा वाटू नये, कारण शेवटी तो आपल्या जात्यापाशी येऊन पोचतो.

प्रश्न मूळचा होमरचा. १७९५ साली फ्रीड्रिश ऑगुस्ट वोल्फ या जर्मन पंडिताने होमरच्या महाकाव्यांच्या एककर्तृत्वाविषयी पद्धतशीर शंका उपस्थित केली आणि पुढची शंभर-सव्वाशे वर्षे युरोपातील पंडित दोन तटांत विभागले गेले. एक तट म्हणे, ही महाकाव्ये अनेक तुकडे जोडून झाली. दुसरा म्हणे, एवढी एकसंध रचना एकाच प्रतिभेची असणार. मिलमन पॅरी (१९०२–१९३५) या अमेरिकन अभ्यासकाने १९२८ साली पॅरिस येथे सादर केलेल्या प्रबंधात हा वाद बाजूला ठेवून होमरची विशेषणे तपासली. ठरावीक नावाला ठरावीक विशेषण ओळीच्या ठरावीक जागी का येते, याचे उत्तर त्याने वृत्ताच्या गरजेत शोधले. ही विशेषणे एका कवीची निवड नसून पिढ्यान्‌पिढ्या घडलेल्या व्यवस्थेचा भाग आहेत, असे त्याने दाखविले. होमरची भाषा परंपरेची भाषा आहे, एवढे यातून सिद्ध झाले. ती मौखिक परंपरेचीच आहे, हे मात्र केवळ छापील ग्रंथ वाचून सिद्ध होण्यासारखे नव्हते. त्यासाठी असा गायक पाहिजे होता की ज्याला अक्षरओळख नाही आणि जो हजारो ओळींचे आख्यान गाता गाता रचतो.

असे गायक बाल्कन प्रदेशात होते. पॅरीचे गुरू आंत्वान मेये यांच्यामुळे त्याचा माटिया मुर्को या स्लाव्ह अभ्यासकाच्या कामाशी परिचय झाला. बोस्निया, हर्झेगोविना, माँटेनेग्रो या भागांत गुस्ले नावाच्या एकतारी वाद्याच्या साथीने वीरगाथा गाणारे गायक मुर्कोने प्रत्यक्ष ऐकले होते. मुस्लिम वस्तीच्या गावांत रमजानच्या रात्री कॉफीखान्यांत ही गाणी तासन्‌तास चालत. तेथे जाऊन ती टिपणे हाच मार्ग होता. प्रश्न होता तो टिपण्याच्या साधनाचा.

एडिसनचा फोनोग्राफ १८७७ सालचा. १८९० मध्ये जेसी वॉल्टर फ्यूक्स याने अमेरिकेच्या मेन राज्यात पासामाक्वोडी या आदिवासींची गाणी आणि कथा मेणाच्या नळकांड्यांवर घेतल्या, तेव्हापासून हे यंत्र संशोधकाच्या सामानात आले. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात बेला बारटोक आणि झोल्तान कोडाय ते घेऊन हंगेरीच्या खेड्यांत हिंडले. भारतात ग्रियर्सनच्या भाषिक सर्वेक्षणाला जोडून १९१० च्या दशकापासून निरनिराळ्या प्रांतांतील बोलींच्या ध्वनिमुद्रिका तयार झाल्या. या साऱ्या साधनांची एक समान मर्यादा होती. नळकांडे असो वा तबकडी, तिचा दम दोन ते चार मिनिटांचा. तेवढ्यात लहान गीत पुरते मावते, बोलीचा नमुना मावतो, दृष्टांतकथा घाईने सांगून होते. दीर्घ आख्यानाची मात्र सुरुवातच तेवढी हाती लागते. मग उरलेले आख्यान संग्राहक लिहून घेत असे. गायकाने एक ओळ म्हणायची, थांबायचे, लेखनिकाची लेखणी थांबली की पुढची ओळ म्हणायची. वाद्य बाजूला पडते, चाल तुटते, वृत्त ढिले होते, आणि गायकाला पुढच्या ओळीचा विचार करायला नेहमीपेक्षा कितीतरी अधिक अवधी मिळतो. तात्पर्य, गाता गाता रचना कशी होते हे ज्याला पाहायचे आहे, त्याला या दोन्ही पद्धती निरुपयोगी होत्या. एक गाण्याचा तुकडा देई, दुसरी न गायलेले गाणे देई.

पॅरीने १९३३ च्या उन्हाळ्यात पहिला प्रवास केला आणि ही अडचण अनुभवली. १९३४–३५ च्या दुसऱ्या, मोठ्या प्रवासासाठी त्याने कनेटिकट राज्यातील वॉटरबरी येथील साउंड स्पेशॅलिटीज कंपनीकडून एक खास यंत्र घडवून घेतले. त्याची युक्ती ऐकायला सोपी आहे. एकाऐवजी दोन फिरत्या चकत्या, प्रत्येकीवर बारा इंची अ‍ॅल्युमिनियमची तबकडी, आणि मध्ये एक खटका. पहिल्या तबकडीची बाजू भरत आली की खटका दाबून आवाज दुसरीकडे वळवायचा. दुसरी भरेपर्यंत पहिली उलटायची किंवा बदलायची. असे आलटून पालटून चालत राहिले की ध्वनिमुद्रणाला शेवट असा उरत नाही. गायक थांबेल तेव्हाच यंत्र थांबेल. अ‍ॅल्युमिनियम निवडण्यामागे व्यवहार होता. मेण उन्हाने मऊ होते आणि धक्क्याने फुटते; धातूवर सुई दाबून उमटवलेली रेघ खेड्यांतला प्रवास सोसते. विजेचा प्रश्नही होताच. जेथे तारा पोचल्या नव्हत्या तेथे बॅटरी आणि ती भारायला मोटारीचे इंजिन, अशी जोड होती.

'फिरते' हा शब्द येथे जरा जपून वापरला पाहिजे. याच सुमारास, १९३३ साली, जॉन लोमॅक्स आणि त्याचा अठरा वर्षांचा मुलगा अ‍ॅलन अमेरिकेच्या दक्षिण भागात तुरुंगांतून आणि मळ्यांतून लोकगीते घेत हिंडत होते. त्यांच्या मोटारीच्या मागच्या भागात ठेवलेल्या यंत्राचे वजन ३१५ पौंड, म्हणजे सुमारे १४३ किलो होते. असे यंत्र गायकाच्या घरी जात नाही, मोटार जाईल तिथवर जाते. पुढचे अंतर गायकाला चालावे लागते. कोणत्या गावचे गायक इतिहासात आले आणि कोणते राहिले, याचा निर्णय काही अंशी रस्त्यांनीही केला आहे.

या यंत्रासह पॅरी, त्याचा तरुण विद्यार्थी-सहायक आल्बर्ट लॉर्ड आणि हर्झेगोविनातील निकोला वुय्नोविच यांनी सुमारे पंधरा महिने काम केले. निकोला स्वतः गायक होता आणि लिहिता-वाचताही येणारा होता. गायकांशी बोलणे, त्यांना प्रश्न विचारणे, सांगितलेले लिहून घेणे, पुढे तबकड्या ऐकून संहिता उतरविणे ही कामे त्याने केली. सिद्धांताला नाव पॅरी आणि लॉर्ड यांचे मिळाले. निकोलाचे नाव ज्यांनी तो सिद्धांत सविस्तर वाचला त्यांनाच ठाऊक असते. शेवटी ३,५०० हून अधिक तबकड्या जमल्या. त्यांवर गाणी होती आणि गायकांशी झालेले संवादही होते. ही दुसरी गोष्ट आम्हाला अधिक महत्त्वाची वाटते. तीन मिनिटांच्या नळकांड्यावर कोणी गप्पा साठवीत नाही. साधनाचा दम वाढला तेव्हाच गायकाचे स्वतःच्या कलेविषयीचे बोलणे साठवण्याजोगे ठरले.

या संवादांतून एक प्रसिद्ध पेच पुढे आला. नोवी पाझार येथील जेमो झोगिच या गायकाने सांगितले की सुल्यो माकिच याच्याकडून एक गाणे त्याने एकदाच ऐकले आणि पुढे ते शब्दशः, एकही ओळ न बदलता गायले. पॅरीने दोघांचीही गाणी तबकडीवर घेतली. ताडून पाहता ती शब्दशः सारखी मुळीच नव्हती. झोगिच खोटे बोलत होता काय? लॉर्डने केलेला उलगडा असा की निरक्षर गायकाच्या लेखी 'शब्द' म्हणजे आपण छापील पानावर दोन मोकळ्या जागांमध्ये पाहतो ती वस्तू नव्हे. 'तेच गाणे' म्हणजे तीच कथा, त्याच क्रमाने, परंपरेला धरून. शब्दशः या शब्दाचा आपला अर्थच मुळी लेखनातून आलेला आहे. हा उलगडा स्मरणावर किंवा हातच्या टिपणांवर विसंबून झाला नसता, कारण दोन पूर्ण गायने शेजारी शेजारी ठेवल्याखेरीज तो पेच दिसलाच नसता.

दुसरा प्रयोग बियेलो पोल्ये येथील. अव्दो मेजेदोविच हा साठीच्या आसपासचा, धंद्याने खाटीक असलेला निरक्षर गायक. त्याचा आवाज घोगरा होता, गळ्याला गाठ होती. आवाजाच्या स्पर्धेत तो कुठेच बसला नसता. पॅरीने मुमिन व्लाहोव्ल्याक या गायकाकडून एक असे आख्यान गाऊन घेतले की जे अव्दोने पूर्वी ऐकले नव्हते. अव्दो समोर बसून ऐकत होता. ते संपल्यावर पॅरीने अव्दोला तेच गाण्यास सांगितले. मुमिनचे आख्यान २,२९४ ओळींचे होते. अव्दोचे झाले ६,३१३ ओळींचे. कथानक तेच, परंतु वर्णने भरली गेली, सभांचे प्रसंग विस्तारले, पात्रांच्या मनाचा ठाव घेतला गेला. पाठांतराने महाकाव्य टिकते ही समजूत या एका प्रयोगाने खिळखिळी झाली. अव्दोकडून घेतलेले सर्वांत दीर्घ गायन १३,३३१ ओळींचे आहे. हे गायक मिनिटाला दहा ते वीस दशाक्षरी ओळी गातात असे लॉर्डने नोंदविले आहे. अगदी वेगवान गायन धरले तरी हे आख्यान अकरा तासांच्या खाली येत नाही, आणि चार मिनिटांची एक बाजू धरली तर तबकड्यांच्या १६५ हून अधिक बाजू भरतात. ओडिसी सुमारे १२,००० ओळींची आहे. एवढ्या लांबीची रचना निरक्षर माणसाला शक्य नाही, हा आक्षेप यापुढे घेता येण्यासारखा राहिला नाही.

येथे थांबून उलटा प्रश्न विचारावा लागतो. हे १३,३३१ ओळींचे आख्यान पॅरी तेथे गेला नसता तर अस्तित्वात आले असते काय? कॉफीखान्यातील गायक श्रोत्यांकडे पाहून गातो. श्रोते उठून जातात, नवे येतात, कोणाला झोप येते, कोणी मध्येच बोलू लागतो. त्याप्रमाणे तो आख्यान लांबवतो वा आवरते घेतो. यंत्रासमोर मात्र एक असा श्रोता बसला होता की ज्याला कधीच कंटाळा येत नाही, ज्याला जितके लांब तितके हवे, आणि जो त्या वेळेचा मोबदलाही देतो. अव्दोची प्रतिभा खरी होती, परंतु तिला ही लांबी यंत्राने आणि यंत्राच्या मालकाने मागितली. छोट्या नळकांड्याने गाणे तोडले होते; दोन चकत्यांच्या यंत्राने ते ताणले. दोन्ही वेळा साधन तटस्थ नव्हते. आणखी एक विरोधाभास ध्यानात घ्यावा. अव्दोचे सर्वांत गाजलेले आख्यान, स्मायलागिच मेहोच्या लग्नाचे, १२,३११ ओळींचे, हे तबकडीवर गायलेले नाही. ते त्याने सांगितले आणि निकोलाने लिहून घेतले. ज्याला पळवून लावण्यासाठी यंत्र आणले तोच लेखनिक सर्वोत्तम संहितेचा धनी ठरला. पुढे लॉर्डने असे मत मांडले की होमरची महाकाव्येही बहुधा अशीच सांगून लिहविलेली असावीत, कारण सांगताना गायकाला घाई नसते. यंत्राने लेखनिकाची जागा घेतली नाही. लेखनिकाने नेमके काय बदलते, हे मोजण्याचे माप यंत्राने दिले.

एका समकालीन घटनेची येथे आठवण होते. पॅरी पहिल्यांदा बाल्कन प्रदेशात गेला त्याच १९३३ साली पुण्यात भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीतील आदिपर्व पूर्ण केले आणि वि. स. सुकथनकरांची प्रस्तावना प्रसिद्ध झाली. महाभारताच्या हस्तलिखितांतील वाढघट पाहून सुकथनकरांनाही प्रवाही परंपरेचा प्रश्न भेडसावत होता, आणि सर्व हस्तलिखितांची जननी असलेली एकच मूळ संहिता गृहीत धरण्यातली अडचण त्यांनी ओळखली होती. हाताशी हस्तलिखिते होती, म्हणून त्यांनी हस्तलिखितांच्या शास्त्राने उत्तर शोधले. पॅरीच्या हाताशी गायक होता आणि गायकापुढे ठेवायला यंत्र होते. एकाच काळात दोन खंडांवर एकाच जातीचा प्रश्न दोन साधनांनी विचारला जात होता, आणि उत्तरांचे स्वरूप साधनाप्रमाणे वेगळे झाले.

पॅरीला आपल्या सामग्रीचा उपयोग करायला आयुष्य मिळाले नाही. परत आल्यावर डिसेंबर १९३५ मध्ये, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, लॉस एंजेलिस येथील एका हॉटेलात पिस्तुलाची गोळी लागून तो मरण पावला. तबकड्या हार्वर्डमध्ये राहिल्या. १९४० मध्ये अमेरिकेत आलेल्या बारटोकने त्यांतील स्त्रीगीतांपैकी ७५ गीतांचे स्वरलेखन केले. ते लॉर्डच्या सहकार्याने त्याच्या मृत्यूनंतर १९५१ साली ग्रंथरूपाने आले. लॉर्ड १९५० आणि १९५१ मध्ये पुन्हा त्या प्रदेशात गेला तेव्हा त्याच्याजवळ पोलादी तारेवर मुद्रण करणारे यंत्र होते. अव्दो तेव्हा हयात होता आणि लॉर्डसाठी तो पुन्हा गायला. 'द सिंगर ऑफ टेल्स' हा लॉर्डचा ग्रंथ १९६० साली प्रसिद्ध झाला. सामग्री आणि सिद्धांत यांत पंचवीस वर्षांचे अंतर पडले, ते मुख्यतः ऐकून उतरविण्याच्या श्रमाचे होते.

यंत्र नंतर वेगाने आटोपशीर होत गेले. स्टेफान कुडेल्स्की याने १९५१ साली स्वित्झर्लंडमध्ये बनविलेले 'नाग्रा' हे टेप-यंत्र एकट्या माणसाला खांद्याला अडकवून नेता येई. १९६३ मध्ये फिलिप्सची कॅसेट आली, १९८७ मध्ये सोनीने अंकीय टेप आणली. पुढे मांडीवरचा संगणकच ध्वनिमुद्रक झाला. तेथे नवीच अडचण उद्भवली. संगणक थंड ठेवणाऱ्या पंख्याची घरघर गाण्यात मिसळू लागली, तेव्हा काही ध्वनिमुद्रक पंखा नसलेली, बॅटरीवर चालणारी यंत्रे स्वतः जुळवू लागले. पॅरीने तबकडीच्या दमाशी जे भांडण मांडले होते तेच हे, फक्त शत्रू बदलला. आज खिशातल्या फोनवर तासन्‌तास मुद्रण होते आणि यंत्राचा दम हा प्रश्नच उरलेला नाही.

मराठीत या इतिहासाचा सर्वांत अर्थपूर्ण टप्पा जात्यावरच्या ओव्यांचा. आपल्याकडे ओव्यांचे संकलन जुने आहे. साने गुरुजींचे 'स्त्रीजीवन' त्यातले ठळक नाव. हे संकलन कागदावरचे. छापील ओवी दोन ओळींची दिसते. जात्यावर ती तशी नसते. ओळ अर्ध्यावर तुटते, फिरून येते, मध्ये 'बाई', 'गं' असे शब्द भरले जातात, सोबतीची बाई ती उचलून धरते. बायका चालीला 'गळा' म्हणतात, आणि एकच ओवी दोन गळ्यांत दोन वेगळ्या लांबीची होते. पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी उभारलेल्या प्रकल्पात एक हजारांहून अधिक गावांतील एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. १९९० च्या दशकाच्या मध्यास संगीताचा संगणकीय अभ्यास करणारे फ्रेंच अभियंते बर्नार्ड बेल त्यात आले, ओव्यांची संगणकीय सूची आकाराला आली आणि १२० तासांहून अधिक ध्वनिमुद्रण झाले. २०१७ पासून 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहालयाने हा ठेवा वाचकांसमोर आणला. पॉइटवँ २००४ मध्ये आणि राईरकर २०१० मध्ये निवर्तल्या होत्या. गावोगाव पिठाची गिरणी आली होती आणि दळण जात्यावरून उठले होते. पुष्कळ ठिकाणी ओवी आठवून म्हटली जात होती. यंत्राचा दम वाढला तेव्हा गाण्याचा प्रसंगच सरत आला होता, ही येथली खंत आहे.

तरीही यातून जे हाती आले ते अल्प नव्हे. जुन्या छापील संग्रहांत ओवी 'लोकां'ची असते. तिला कर्ती नसते. संग्रहावर नाव असते संग्राहकाचे. या प्रकल्पातील ओवीला म्हणणारीचे नाव आहे आणि गाव आहे. परभणी जिल्ह्यातील ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे यांचा १९९६ साली मुद्रित झालेला आवाज आज कोणालाही ऐकता येतो. ज्या अर्थाने अव्दो मेजेदोविच हे महाकवीचे नाव आहे त्या अर्थाने ओवीला एक कवयित्री असते काय, हा वादाचा विषय होऊ शकेल. ओवी सामायिक असते, एकीची दुसरीकडे जाते. परंतु वाद घालण्यासाठी आधी नाव माहीत असावे लागते. लोकसाहित्य अनामिक असते असे आपण वर्गात सांगत आलो. त्या अनामिकतेचा काही भाग परंपरेचा असेल, काही भाग मात्र निव्वळ टिपण्याच्या पद्धतीचा होता. कागदावर ओवी उतरली आणि बाई खाली राहिली.

मर्यादा आता यंत्रात नाही, ऐकणाऱ्यात आहे. शंभर तासांचे ध्वनिमुद्रण शब्दशः उतरविण्याला शंभर तासांच्या कित्येक पट श्रम लागतात आणि त्यासाठी बोली जाणणारा कान लागतो. हे निकोलाचे काम आहे. आमचे विद्यार्थी लोकसाहित्याच्या प्रकल्पासाठी गावी जातात, आजीच्या ओव्या फोनवर घेतात आणि परत येऊन चार ओव्या वहीत उतरवून देतात. मूळ ध्वनिमुद्रण पुढे फोनसोबत नाहीसे होते. या कामाचे मूल्यमापन करताना आम्ही शिक्षकांनी वहीबरोबर ध्वनिफीतही मागावी, म्हणणारीचे नाव, गाव, गळा आणि मुद्रणाचा प्रसंग यांची नोंद मागावी, आणि ओव्यांच्या संख्येपेक्षा एका ओवीच्या पूर्ण, पुनरावृत्तींसह उतरविलेल्या संहितेला अधिक गुण द्यावेत, असे आम्हाला वाटते. पॅरीला ज्यासाठी वॉटरबरीत यंत्र घडवून घ्यावे लागले ते साधन आज प्रत्येकाच्या हाती आहे. त्याने विचारलेले प्रश्न मराठी ओवीला, पोवाड्याला, गोंधळाच्या आख्यानाला विचारण्याचे काम मात्र बरेचसे शिल्लक आहे.